व्हिला ईजेआ, पालेर्मो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुन्या वाड्यांच्या डागडुजीची कामं करते. सिसिलीला जाऊन आल्यापासून तिथल्या व्हिला ईजेआ या एका जुन्या हॉटेलबद्दल ओळखीच्यांचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे इतके फोन आले, की एकदाच काय ते लिहून ठेवते आहे. निम्मे प्रश्न प्रवासाचे आहेत, निम्मे चुना-दगडाचे. एक लग्नाचाही आहे.

ही व्हिला नेमकी कुठे आहे?

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यांत मोठं बेट आणि पालेर्मो ही त्याची राजधानी. शहराच्या मध्यापासून उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर मोंते पेल्लेग्रिनो नावाचा सुमारे सहाशे मीटर उंचीचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्याच्या पायथ्याशी आक्वासान्ता नावाची जुनी वस्ती आहे. या नावाचा अर्थ 'पवित्र पाणी'. व्हिला तिथेच आहे, अगदी पाण्याच्या काठावर. मागे डोंगर, पुढे बाग, बागेखाली होड्यांचा छोटा धक्का.

नावाचा उच्चार काय? आणि अर्थ?

'ई-जे-आ', जोर मधल्या 'जे'वर. 'इगिया' म्हटलंत तर टॅक्सीवाला समजून घेतो, पण हसतो. ग्रीक पुराणातली आरोग्याची देवता हायजिया, तिचं हे इटालियन रूप. आपण रोज वापरतो तो 'हायजीन' शब्दही तिच्याच नावावरून आला.

आलिशान हॉटेलला आरोग्याच्या देवतेचं नाव कशाला?

कारण ते हॉटेल व्हायचं नव्हतंच. या जागी आधी डॉम्व्हिल नावाच्या इंग्रज ॲडमिरलचा गॉथिक धाटणीचा बंगला होता. १९व्या शतकाच्या अखेरीस पालेर्मोचे धनाढ्य व्यापारी इग्नात्सिओ फ्लोरिओ यांनी तो विकत घेतला. डोक्यात बेत होता क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढण्याचा. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन आलं १९४०च्या दशकात. स्वच्छ हवा, ऊन, सकस जेवण आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार. पाचगणीला किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीला ज्यांच्या घरातलं कुणी राहून आलं असेल, त्यांना लांबलचक व्हरांडे आणि खुर्च्या टाकून बसलेले रोगी वेगळे सांगायला नकोत. समुद्राकडे तोंड, पाठीला डोंगर, हिवाळ्यातही मवाळ ऊन: जागा अगदी हेरून घेतलेली होती.

बांधकाम चालू असतानाच बेत बदलला. त्या काळी उत्तर युरोपातले श्रीमंत लोक सिसिलीला येत ते हिवाळ्यात, थंडी चुकवायला. उन्हाळ्यात समुद्रकाठी लोळायची फॅशन बरीच नंतरची. या पाहुण्यांच्या शेजारी खोकणारे रोगी ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. १९०० मध्ये दार उघडलं ते ग्रँड हॉटेलचं. नाव तेवढं आरोग्याचं राहिलं. त्याच वर्षी फ्लोरिओंना झालेल्या मुलीचं नावही ईजेआ ठेवलं.

पुढचं वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. सॅनिटोरियम बारगळल्यावर दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, त्यांची थोरली मुलगी जोवान्ना क्षयानंच गेली.

हे फ्लोरिओ कोण? राजघराणं होतं का?

नाही, दुकानदार. मूळचे इटलीच्या मुख्य भूमीवरच्या कालाब्रिया प्रांतातले. पालेर्मोत येऊन त्यांनी मसाल्यांचं आणि औषधी द्रव्यांचं दुकान टाकलं. दालचिनी, मिरी आणि मुख्य म्हणजे हिवतापावरची सिंकोनाची साल. म्हणूनच घराण्याच्या चिन्हात सिंकोनाच्या झाडाखाली ओढ्याचं पाणी पिणारा सिंह आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर काष्ठौषधीवाला वाणी मोठा झाला आणि त्यानं अर्धं बेट घेतलं.

हे 'घेतलं' अक्षरशः. १८३३ मध्ये मार्साला वाइनचा कारखाना, १८७४ मध्ये फाविन्याना आणि आसपासची एगादी बेटं, तीही टुना मासेमारीसकट. बोटी तर होत्याच. १८८१ मध्ये जेनोव्हाच्या रुबात्तीनो कंपनीशी हातमिळवणी करून त्यांनी नाव्हिगात्सिओने जेनेराले इतालियाना ही इटलीची बलाढ्य जहाज कंपनी उभी केली. या कंपनीची आगबोट जेनोव्हा-नेपल्सहून सुएझमार्गे थेट मुंबईला येत असे. म्हणजे या व्हिलाच्या वेलबुट्टीत जो पैसा ओतला गेला, त्यात मुंबईच्या फेऱ्यांची तिकिटं आणि माल-भाडंही असणारच. आपला संबंध एवढाच. पण मुंबई बंदराबद्दल आस्था असलेल्यांना तो कळावा म्हणून सांगितला.

दुकान टाकणाऱ्यांपासून चौथ्या पिढीतले इग्नात्सिओ ज्युनियर हे व्हिलाचे मालक. त्यांची पत्नी फ्रांका युरोपभर सौंदर्यासाठी आणि मोत्यांच्या माळांसाठी गाजलेली. लोक तिला पालेर्मोची राणी म्हणत. धाकटा भाऊ व्हिन्चेन्त्सो याला मोटारींचं वेड. त्यानं १९०६ मध्ये सिसिलीच्या डोंगरातल्या वळणांवर तार्गा फ्लोरिओ ही शर्यत सुरू केली.

मग ओहोटी लागली. बोटी गेल्या, वाइन गेली, बेटं गेली. इग्नात्सिओ १९५७ मध्ये वारले, तोवर हातात नाव सोडून फारसं काही उरलं नव्हतं. पहिल्या पिढीनं कमवायचं, दुसरीनं वाढवायचं आणि तिसरीनं उधळायचं, हे आपल्याकडे म्हणतात तेच, फक्त इथे एक पिढी उशिरा. पण शेवटच्या पिढीनं उधळलं म्हणून तर आपल्याला बघायला काहीतरी आहे.

आर्किटेक्ट कोण?

एर्नेस्तो बाझीले, १८५७ ते १९३२. वडील जोव्हान फिलिप्पो बाझीले हेही आर्किटेक्ट. पालेर्मोचं तेआत्रो मास्सिमो हे ऑपेराघर, जे इटलीतलं सगळ्यांत मोठं आहे, त्यांनीच आखलं. बांधकाम १८७५ मध्ये सुरू झालं, वडील १८९१ मध्ये गेले, मुलानं ते १८९७ मध्ये पुरं केलं. पुढे रोममधल्या संसदेच्या इमारतीचा विस्तारही एर्नेस्तोंकडेच आला.

त्यांची गंमत अशी की ते घराबरोबर खुर्चीही काढत, दाराची मूठही काढत. फर्निचर बनवायचं ते पालेर्मोतल्याच व्हित्तोरिओ द्युक्रो यांच्या कारखान्यात. आर्किटेक्ट, सुतार आणि चित्रकार एकाच गावात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. आज साधी खिडकीची कडी जुन्या नमुन्याप्रमाणे घडवून घ्यायची म्हटली तरी मला तीन जिल्हे पालथे घालावे लागतात. त्यामुळे मला त्या माणसाचा हेवा वाटतो.

ही आर्ट डेको शैली का? मरीन ड्राइव्हसारखी?

नाही, हा गोंधळ फार होतो. मरीन ड्राइव्हची आर्ट डेको १९३०च्या दशकातली. तिथे सरळ रेषा, पायऱ्यापायऱ्यांचे आकार, यंत्रयुगाचा डौल. व्हिला ईजेआची शैली तिच्या आधीची, आर्ट नूव्हो. तिची प्रेरणा झाडापानांतून येते: देठ वळतो तशी चौकट वळते, कळी उमलते तसा दिवा उमलतो. इटलीत हिला 'लिबर्टी' म्हणतात. त्याचा स्वातंत्र्याशी काही संबंध नाही. लंडनमधल्या लिबर्टी नावाच्या दुकानावरून ते नाव पडलं.

बाहेरून मात्र इमारत लिबर्टी दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बुरूज, कंगोरे, पिवळसर दगड. एखाद्या छोट्या किल्ल्यासारखी वाटते. जुन्या बंगल्याचा गॉथिक चेहरा बाझीलेंनी पुसला नाही, त्याच सुरात पुढे नेला. फोटो पाहून गेलेले काही जण पोर्चमध्ये जरा हिरमुसतात. त्यांनी आत जावं.

आत काय आहे एवढं?

एक दालन. त्याला आता बाझीले दालन म्हणतात, पूर्वी ती जेवणाची मोठी खोली होती. भिंतींवर एत्तोरे दे मारिआ बेर्गलर यांनी काढलेल्या तरुणी आहेत. पातळ, झुळझुळीत कपडे, मोकळे केस, भोवती कमरेएवढी फुलं. खोलीभर फिरत जाणारं हे एकच उपवन आहे. खाली द्युक्रोच्या सुतारांनी केलेलं लाकूडकाम, आणि त्याच्या कडा अशा वळवल्या आहेत की लाकूड कुठे संपलं आणि चित्रातली वेल कुठे सुरू झाली, हे पटकन लक्षात येत नाही.

मी तिथे उभी राहिले तेव्हा चित्रांकडे दोन मिनिटं पाहिलं आणि मग कोपरे बघायला लागले. धंद्याची सवय. दोन भिंती मिळतात तिथे आणि भिंत छताला भेटते तिथे कारागीर उघडा पडतो. तिथे रंग भरून, पट्टी मारून वेळ मारून नेलेली असते. इथे कोपऱ्यातून फांदी वळून पुढच्या भिंतीवर जाते. चित्रकाराला आणि सुताराला एकमेकांचं काम आधीपासून ठाऊक होतं, असं त्या कोपऱ्यावरून कळतं.

फ्रांका फ्लोरिओचं ते प्रसिद्ध चित्र तिथे आहे का?

बोल्दिनी यांनी काढलेलं काळ्या पोशाखातलं चित्र ना? बरीच वर्षं ते याच हॉटेलात होतं. हॉटेलची तेव्हाची मालक कंपनी डबघाईला आल्यावर २०१७ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि दहा लाख युरोंहून जास्त किंमत आली. आता ते हॉटेलात नाही. फक्त त्यासाठी जात असाल तर जाऊ नका.

सव्वाशे वर्षांत इतक्या इमारती पडल्या. ही टिकली कशी?

माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, पण विचारतात फार थोडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पालेर्मोत बांधकामाची अशी लाट आली की तिला लोक आजही 'पालेर्मोची लूट' म्हणतात. महापालिका, बिल्डर आणि माफिया यांचं साटंलोटं. बागा गेल्या, लिंबा-संत्र्यांच्या वाड्या गेल्या आणि शहराच्या मोठ्या हमरस्त्यावरचे लिबर्टी शैलीचे बंगले एकामागून एक गेले. त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट व्हिला देलिएल्लाची. तीही बाझीलेंचीच. पन्नास वर्षं पुरी झाली की वास्तूला कायद्याचं संरक्षण मिळण्याची वाट मोकळी होत होती, आणि ती पुरी व्हायला फारसा अवधी नव्हता. नोव्हेंबर १९५९ मधल्या एका शनिवारी पाडायला सुरुवात झाली. सोमवारी लोक कामाला निघाले तेव्हा वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

फ्लोरिओंचंच ओलिव्हुत्सा भागातलं छोटं घर, तेही बाझीलेंनी बांधलेलं, १९६२ मध्ये आगीत होरपळलं. नंतर ते दुरुस्त झालं आणि आज बघता येतं.

मग ईजेआच कशी वाचली? ती शहराच्या मधल्या मोक्याच्या रस्त्यावर नव्हती, हे एक कारण. दुसरं असं की ती कधी फार काळ रिकामी पडली नाही. मालक बदलले, चालवणाऱ्या कंपन्या बदलल्या, गालिचे आणि पडदे बदलले, मधे चांगलीच अवकळाही आली. पण नळाला पाणी होतं, कौलावर कुणीतरी चढत होतं, गळकी पन्हळ कुणाला तरी दिसत होती. आपल्याकडचे वाडे मुख्यतः पावसाने पडत नाहीत. भाऊबंदकीत कुलूप लागतं, पिंपळ उगवतो आणि त्याला उपटणारं घरात कुणी नसतं, म्हणून पडतात.

आताचा जीर्णोद्धार कुणी केला?

रोक्को फोर्ते हॉटेल्स या समूहानं २०१९ मध्ये ही मालमत्ता घेतली आणि जून २०२१ मध्ये शंभर खोल्यांसह हॉटेल पुन्हा उघडलं. अंतर्गत सजावट ओल्गा पोलित्सी, पाओलो मोस्किनो आणि फिलिप व्हर्गेलेन यांची.

म्हणजे सगळं जुनं जसंच्या तसं आहे?

नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. बाझीले दालन, कमानींची दालनं, जिने हा जपलेला भाग. झोपायच्या खोल्या आजच्या आहेत. रंग, कापड, दिवे यांत जुन्याचा सूर आहे, पण स्नानगृह २०२१चं आणि वातानुकूलनही २०२१चं. मला हे रास्त वाटतं. १९००च्या स्नानगृहात आज कुणी पैसे देऊन राहणार नाही. आणि राहणारा नसला की वर सांगितलेलं कुलूप आलंच.

माझी एकच तक्रार: काही ठिकाणी सजावट जरा जास्तच गोड झाली आहे. नक्षीदार भिंतीपुढे नक्षीदार कापड ठेवलं की दोन्ही एकमेकांवर ओरडतात. पण कापड दहा वर्षांनी बदलता येतं. भिंत नाही.

जीर्णोद्धार आणि नूतनीकरण यांत फरक काय?

नूतनीकरणात तुम्हाला काय हवं ते विचारतात. जीर्णोद्धारात इमारतीला काय सोसेल ते आधी विचारावं लागतं. १९६४ मध्ये व्हेनिसला जगभरचे जाणकार जमले आणि त्यांनी एक सनद केली. तिचं एक कलम मला पाठ आहे, म्हणजे त्याचा आशय: जिथून अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धारानं थांबायचं. इथे बहुधा मोर असावा, म्हणून मोर काढायचा नाही.

मग चित्राचा टवका उडाला असेल तर? यावर चेझारे ब्रांदी या इटालियन तज्ज्ञानं रुळवलेली युक्ती फार देखणी आहे. ते रोममधल्या १९३९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचे पहिले संचालक. त्यांच्या पद्धतीत गेलेली जागा बारीक, उभ्या, जलरंगी रेघांनी भरतात. चार पावलांवरून चित्र अखंड दिसतं. जवळ गेलात की रेघा दिसतात आणि मूळ कुठलं, नंतरचं कुठलं, हे लपत नाही. इटलीत कुठलंही जुनं भित्तिचित्र पाहताना नाक लावून या रेघा शोधायची मला खोडच लागली आहे. पहारेकरी ओरडतात.

समुद्राच्या इतक्या जवळ म्हणजे खारी हवा. तिचा त्रास होत नाही?

होतो. पालेर्मोचा बांधकामाचा नेहमीचा दगड पिवळसर, चुनखडीयुक्त, वाळूच्या कणांचा. कापायला सोपा, पण स्पंजासारखा सच्छिद्र. खारट ओल आत शिरते, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक आतल्या आत फुगतात आणि दगडाची पापुद्र्यापापुद्र्यानं सालपटं निघतात. कोकणात समुद्रकाठच्या जुन्या देवळाची नक्षी अशीच झिजलेली दिसते. फक्त तिथला चिरा वेगळा.

यावर सिमेंट हा उपाय वाटतो, पण तो रोगापेक्षा वाईट. वाईच्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला माझ्या वडिलांनी गवंड्याच्या आग्रहाखातर सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. "ताई, शंभर वर्षं बघायला नको," असं तो मला म्हणाला होता. तीन पावसाळे बघावे लागले. जुनी भिंत चुन्या-मातीची, ती श्वास घेते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं. ओल आत कोंडली, वर चढत गेली आणि माजघरातल्या कपाटामागे भिंत हातानं खरवडता येईल इतकी मऊ झाली. सगळा गिलावा उतरवून पुन्हा चुना मळावा लागला. त्यामुळे जुन्या भिंतीला चुनाच, हे मी पुस्तकातलं सांगत नाही.

सरकारी परवानग्या लागतात का?

इटलीत वारसा वास्तूंसाठी कडक कायदा आहे, २००४ची वारसा संहिता. सिसिली स्वायत्त प्रांत असल्यानं तिथलं वारसा खातं प्रांताच्या हाताखाली आहे. त्या खात्याच्या होकाराशिवाय संरक्षित वास्तूच्या खिडकीचा रंगही बदलता येत नाही. वेळ लागतो, मालक वैतागतात. व्हिला देलिएल्लाची गोष्ट ऐकल्यावर मला तो वैताग सोसवतो.

तिथे राहणं परवडेल का?

बहुतेकांना नाही. हंगामात साध्या खोलीचंही एका रात्रीचं भाडं शेकडो युरोंत जातं. शिवाय शहराचा पर्यटन कर वेगळा, तो हॉटेलात माणशी, रात्रीगणिक भरावा लागतो. मीही राहिले नाही. शहरात साध्या खोलीत राहिले आणि संध्याकाळी गच्चीवरच्या बारमध्ये जाऊन एका लिंबाच्या सरबतावर दोन तास काढले. सरबत महाग होतं, सूर्यास्त वेगळा आकारला नाही.

राहत नसलो तर आत सोडतात का?

खायला-प्यायला सोडतात. आधी टेबल राखून ठेवा आणि जरा नीटनेटके कपडे घाला. बाझीले दालनात एखादा समारंभ असला तर दार बंद मिळतं, म्हणून टेबल राखतानाच विचारून घ्या. बागेत समुद्राच्या कडेला खांबांचं एक मोडकं देऊळ दिसेल. ते प्राचीन नाही. बागेची शोभा म्हणून मुद्दाम तसं उभारलेलं आहे, फसू नका.

खोलीतून फक्त निळा समुद्र दिसतो ना?

समुद्र दिसतोच, शिवाय गोदीच्या क्रेनही दिसतात. माहितीपत्रकातले फोटो त्यांना बेमालूम टाळतात. पाहुणे नाकं मुरडतात, पण पालेर्मोची ही गोदी उभी करण्यात याच इग्नात्सिओ फ्लोरिओंचा पुढाकार होता. मालकाला आपल्या गच्चीतून आपली गोदी दिसायची. मला तर त्या क्रेनमुळेच जागा खरी वाटली.

कधी जावं?

एप्रिल-मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आफ्रिकेकडून सिरोक्को नावाचा वारा येतो: गरम, धुळीचा, डोकं उठवणारा. विदर्भातल्या मे महिन्याची सवय असेल त्यांनी म्हणावं "यात काय?", बाकीच्यांनी जपून. जुलैचं एकच आकर्षण म्हणजे १४ तारखेच्या रात्रीचा सांता रोझालियाचा उत्सव. १६२४च्या प्लेगातून शहराला तारणारी ही संत. तिची गुहा व्हिलाच्या डोक्यावरच्या त्याच डोंगरात आहे.

सिरोक्कोवर जुन्या पालेर्मोनं काढलेला तोडगा मात्र जाणून घ्यावा. नवव्या शतकात अरब आले, त्यांनी जमिनीखालून डोंगराचं पाणी खेळवणारे बोगदे खणले, त्यांना कनात म्हणतात. पुढे श्रीमंतांनी या पाण्याच्या काठी दगडात 'सिरोक्कोच्या खोल्या' कोरून घेतल्या आणि वारा पडेपर्यंत खाली जाऊन बसायची सोय केली. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर पाहिली असेल तर तत्त्व लगेच कळेल; तीच विद्या, वेगळ्या वाटेनं दख्खनला पोचलेली. पालेर्मोत काही कनातींमध्ये वाटाड्याबरोबर उतरता येतं. कपडे भिजतात.

शाकाहारी माणसाचं काय होईल?

उत्तम होईल, फक्त विचारत राहावं लागेल. पानेल्ले म्हणून एक पदार्थ रस्त्यावर मिळतो. बेसन पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापायचं, कापायचं आणि तळायचं. म्हणजे आपली पाटवडीच, कढईतून काढलेली. ती तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. हिरवी मिरची सोबत न्या. सावधगिरी एवढीच की शेजारच्याच कढईत बहुधा प्लीहेचं मांस परतलेलं असतं. झारा एकच का, ते पाहून घ्या.

कापोनाता मागवा: वांगं, ऑलिव्ह, केपर, व्हिनेगर, साखर. आंबटगोड चवीनं मला पंचामृताची आठवण झाली. स्फिंचोने हा जाड पाव दिसतो निव्वळ कांदा-टोमॅटोचा, पण त्यात अँचोव्ही मासा असतो. चीजमध्येही बऱ्याचदा वासराच्या जठरातलं विरजण असतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मुलीचं लग्न तिथे करायचं मनात आहे. जमेल?

हॉटेल समारंभ करतं, तेव्हा जमेल. पण माझ्यातली दुरुस्तीवाली बोलते आहे, रागावू नका. हळद संगमरवरावर आणि चुन्यावर पडली की जात नाही. हळद बागेत करा. होम तर दालनात नकोच. १९००च्या चित्रांवर तुपाची काजळी बसली तर ती उतरवायला काय लागतं, ते मला माहीत आहे. अक्षता चालतील. कायदेशीर नोंदणी भारतातच उरकून जा, तिथली कागदपत्रं किचकट आहेत.

व्हिसा आणि पोचायचं कसं?

इटलीचा शेंगेन व्हिसा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अधिक अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. मुंबईहून एखाद्या युरोपीय किंवा आखाती शहरात विमान बदलून पालेर्मो. विमानतळ शहराच्या पश्चिमेला पस्तीसेक किलोमीटर, शहरात यायला बस आणि रेल्वे दोन्ही आहेत.

एकच दिवस आहे. बाझीले कसा बघू?

सकाळी तेआत्रो मास्सिमोपासून सुरुवात करा. पुढच्या चौकातली छोटी दुकानं चुकवू नका. आत सिगरेटी नि वर्तमानपत्रं विकायला बांधलेल्या त्या टपऱ्याही त्यांच्याच, आणि मला त्या ऑपेराघराइतक्याच आवडतात. तिथून ओलिव्हुत्साचं फ्लोरिओंचं छोटं घर, मग वाटेत झीझा भागातला द्युक्रोचा जुना कारखाना. आता तिथे नाटकं आणि प्रदर्शनं होतात. दुपारी व्हिला ईजेआ.

परतताना लिबेर्ता रस्त्यानं या आणि क्रिस्पी चौकात थांबा. जुन्या झाडांच्या पलीकडे गाड्या लावलेलं एक मोकळं आवार आहे. व्हिला देलिएल्ला तिथे होती. पाडून मोकळी केली, पण इतक्या वर्षांत तिथे पुढे काही बांधलंच गेलं नाही. मी गेले तेव्हा पार्किंगवाल्यानं मला विचारलं, गाडी कुठली? म्हटलं, गाडी नाही, घर बघायला आले. त्यानं मान हलवली आणि शिट्टी फुंकत पुढच्या गाडीकडे गेला.